अन्नछत्रापासून शेतापर्यंत

काशीस येणाऱ्या मराठी यात्रेकरूची पावले प्रथम गंगेकडे वळतात, मग विश्वेश्वराकडे, आणि तेथून हाकेच्या अंतरावर असलेल्या अन्नपूर्णेच्या देवळाकडे. आजे-पणजे ज्या क्रमाने गेले त्याच क्रमाने आपणही जातो. या नगरीत मराठी माणसाला परकेपणा फारसा जाणवत नाही. विश्वेश्वराचे आजचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी १७८० साली उभारले. अहिल्याबाई घाट, शिंदे घाट, भोसले घाट ही नावे नावाड्यांच्या तोंडी आजही आहेत. दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट यांच्या आसपासच्या अरुंद गल्ल्यांतून कित्येक मराठी घराणी पिढ्यान् पिढ्या नांदली.

अन्नपूर्णेच्या दारी प्रत्यक्ष शंकर भिक्षापात्र घेऊन उभे राहिले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. काशीत कोणी उपाशी झोपत नाही, अशी लोकांची श्रद्धा आहे. या श्रद्धेला दगडविटांचे रूप आले ते अन्नछत्रांमुळे. राजेरजवाड्यांनी आणि सावकारांनी छत्रे घातली, त्यांच्या खर्चासाठी गावांचे उत्पन्न तोडून दिले. दुपारच्या वेळी पत्रावळी मांडल्या जात आणि वाटसरू, विद्यार्थी, विरक्त अशी सारी मंडळी एका पंक्तीस बसत.

अशाच एका पंक्तीत १९१६ साली कोकणातील गागोदे गावी जन्मलेला एक तरुण बसत असे. परीक्षेसाठी मुंबईस म्हणून निघालेला हा विद्यार्थी सुरतेस उतरला आणि ब्रह्मजिज्ञासेने काशीस आला. तोच पुढे आचार्य विनोबा भावे म्हणून देशाला माहीत झाला. काशीतील त्या दिवसांची एक आठवण विनोबा सांगत. अन्नछत्रात एक वेळचे जेवण मिळे आणि वर दोन पैसे दक्षिणा मिळे. त्या दोन पैशांत त्यांची रात्रीच्या थोड्याशा फराळाची सोय होई.

अन्नपूर्णेच्या देवळातून बाहेर पडताना हे दोन पैसे आमच्या मनातून जाईनात. ताटात काय वाढावे, हे वाढणारा ठरवितो. हातावर ठेवलेल्या दोन पैशांचे काय करावे, हे मात्र घेणारा ठरवितो. रक्कम क्षुल्लक खरी. पण तेवढ्यापुरता तो तरुण आपल्या संसाराचा धनी होता. गरिबाला द्यावयाचे ते वस्तुरूपाने द्यावे की रोख रकमेने, हा वाद आज देशोदेशींचे अर्थशास्त्रज्ञ घालीत आहेत. या वादातील दोन्ही बाजू काशीच्या एकाच पंक्तीत शंभर वर्षांपूर्वी शेजारी शेजारी नांदत होत्या.

हा विचार मनात घोळत असतानाच आम्ही काशीच्या ग्रामीण भागात जाण्याचे ठरविले. पुष्कळसे यात्रेकरू घाटांवरून परत फिरतात. वाराणसी जिल्ह्यात आठ विकासगट आणि शेकडो गावे आहेत, त्या गावांतून काशीला भाजी, दूध आणि फुले येतात, हे त्यांच्या ध्यानीही येत नाही. आम्हांला जावयाचे होते सेवापुरीच्या वाटेवर. तसे ठरण्यास कारणही होते. ते पुढे ओघाने येईलच.

कार्तिकी पौर्णिमेची देवदिवाळी नुकतीच सरली होती. शहराबाहेर पडून प्रयागकडे जाणारा जुना शेरशाही मार्ग धरला. रोहनिया गेले, मोहनसराय गेले, आणि राजातालाब आले. येथील भाजीबाजार पहाटेपासून गजबजलेला असतो. वांगी, हिरव्या मिरच्या, मुळे, पालेभाज्या यांच्या राशी लागलेल्या. हातगाड्या, सायकली, छोटे टेंपो यांची दाटी. गावे लागली तसा वारा बदलला. भाताची कापणी उरकून खाचरे मोकळी झाली होती. कोठे नांगरट चालली होती, कोठे गव्हाची पेरणी, तर कोठे वाटाण्याचे कोवळे वेल वर डोके काढीत होते. शेते लहान; आपल्याकडील कोकणातल्या खाचरांची आठवण करून देणारी. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार उत्तर प्रदेशात शेतजमिनीचा सरासरी धारा पाऊण हेक्टरहूनही कमी, म्हणजे ०.७३ हेक्टर भरला. एवढ्याशा तुकड्यावर एक कुटुंब वर्षभर जगते.

या भागातील गावांशी एका मोठ्या सरकारी योजनेचे नाव जोडले गेले आहे. प्रधानमंत्री किसान सन्मान निधी ही ती योजना. २४ फेब्रुवारी २०१९ रोजी गोरखपूर येथे तिचा आरंभ झाला. जमीनधारक शेतकरी कुटुंबाला वर्षाकाठी ६,००० रुपये, २,००० रुपयांच्या तीन हप्त्यांत, थेट बँकेच्या खात्यात मिळावेत, अशी ती आखणी. तिचा सतरावा हप्ता १८ जून २०२४ रोजी आणि विसावा हप्ता २ ऑगस्ट २०२५ रोजी याच वाराणसी जिल्ह्यातून वितरित झाला. विसाव्या हप्त्याच्या वेळी सुमारे ९ कोटी ७० लक्ष शेतकऱ्यांच्या खात्यांत २०,५०० कोटी रुपये जमा झाले. अठरावा हप्ता ५ ऑक्टोबर २०२४ रोजी आपल्या वाशीमहून निघाला होता, हे महाराष्ट्रातील वाचकांना आठवत असेलच. महाराष्ट्र शासनानेही २०२३ साली या रकमेला जोड म्हणून तेवढ्याच रकमेची स्वतःची योजना सुरू केली.

कोटींचे आकडे ऐकून मन दिपते. पण त्यांतून काहीच दिसत नाही. म्हणून आम्ही एका शेताच्या बांधावर बसून दोन हजारांचा हिशेब मांडला. बांधाचा धनी साठीचा होता. डोक्याला गमछा गुंडाळलेला, हाताला खताचा वास. आम्ही महाराष्ट्रातून आलो हे कळताच त्याने खाटेवर बसावयास सांगितले, गूळ-पाणी पुढे केले आणि मगच बोलावयास आरंभ केला.

"बाबूजी, दोन हजारांत घर चालत नाही," तो म्हणाला, "पण पेरणी अडत नाही."

त्याचा हिशेब असा होता. डीएपी खताची पन्नास किलोची गोणी २०२५ साली १,३५० रुपयांस मिळत होती. युरियाची पंचेचाळीस किलोची गोणी सुमारे २६७ रुपयांस. एक डीएपी आणि दोन युरिया घेतले की दोन हजारांतून शंभरएक रुपये उरतात. एवढे खत साधारण एक एकर गव्हाला पुरते. पूर्वी हे खत तो दुकानातून उधारीवर आणी. उधारीच्या गिऱ्हाइकाला भाव चढा लागे, आणि पीक निघाले की ते पहिल्याने दुकानदाराच्या ओट्यावर नेऊन घालावे लागे. मग भाव काय मिळाला, हे विचारण्याची सोय नसे. रोख पैसे हाती आले तेव्हापासून खत रोखीने येते आणि गहू आपल्या मर्जीने विकता येतो. त्याच्या दृष्टीने दोन हजारांची खरी किंमत ही होती. उत्पन्नात जी भर पडली ती थोडी. पण विकण्याचे स्वातंत्र्य परत मिळाले.

"मात्र पैसे वेळेवर यावयास हवेत," तो पुढे म्हणाला. "पेरणी झाल्यावर आले तर ते लग्नाकार्यात, औषधपाण्यात जातात. पैशाला ओल पाहून यावे लागते."

त्याचे हे बोलणे ऐकताना आम्हांस पैठणच्या एकनाथमहाराजांची कथा आठवली. काशीच्या गंगेची कावड रामेश्वरास नेत असता वाटेत तहानेने तळमळणारे गाढव त्यांनी पाहिले आणि ते पाणी त्याच्या मुखी घातले. पाणी तेच, पण ते तहानेच्या क्षणी मिळाले म्हणून त्याचे मोल. उत्तर प्रदेशातील सुमारे चौदाशे शेतकऱ्यांची पाहणी करून अभ्यासकांनी २०२० साली जो निष्कर्ष प्रसिद्ध केला, तोही या म्हाताऱ्याच्या बोलण्याहून वेगळा नाही. ज्यांना रक्कम हंगामाच्या ऐन वेळी मिळाली त्यांनी ती बहुतांशी शेतीत घातली. ज्यांना ती हंगाम नसताना मिळाली त्यांच्याकडे ती घरखर्चात गेली. आणखी एक गोष्ट त्या पाहणीत दिसून आली. ज्या शेतकऱ्यांचा कृषि विज्ञान केंद्राशी संबंध होता, त्यांच्या हाती आलेला पैसा नव्या वाणांच्या बियाण्याकडे अधिक वळला. पैशाला सल्ल्याची जोड मिळाली की तो दुप्पट कामाचा होतो, असाच याचा अर्थ. या भागातच जखिनी येथे भारतीय भाजीपाला संशोधन संस्था आहे. तिने काढलेल्या मिरची, वाटाणा इत्यादींच्या वाणांची नावे 'काशी' या शब्दाने सुरू होतात. आमच्या यजमानाच्या बांधापलीकडे जी हिरवी मिरची डुलत होती, तीही त्याच कुळातली असल्याचे त्याने अभिमानाने सांगितले.

आम्ही गेलो तेव्हा गावात एकविसाव्या हप्त्याची वाट पाहणे चालले होते. तो पुढे १९ नोव्हेंबर २०२५ रोजी कोइमतूरहून वितरित झाला. म्हणजे गव्हाच्या पेरणीला तो गाठ पडला असेल, असे समजून आम्हांला बरे वाटले.

येथे एक प्रश्न वाचकांच्या मनात येईल. दिल्लीहून निघालेला रुपया पूर्वी खेड्यात पोहोचेपर्यंत झिजून जाई. गरिबांसाठी खर्च केलेल्या रुपयातील जेमतेम पंधरा पैसे त्यांच्यापर्यंत पोहोचतात, अशी कबुली १९८५ साली पंतप्रधान राजीव गांधी यांनी दिली होती. मग हा रुपया आता अखंड कसा पोहोचतो? त्याची वाट बांधण्यास बरीच वर्षे लागली, आणि त्या वाटेचा पहिला दगड महाराष्ट्रात बसविला गेला. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात देशातील पहिला आधार क्रमांक दिला गेला. १ जानेवारी २०१३ पासून काही योजनांचे पैसे थेट खात्यात जमा करण्यास प्रारंभ झाला. २८ ऑगस्ट २०१४ रोजी जनधन योजना निघाली आणि ज्यांनी बँकेची पायरी कधी चढली नव्हती, अशा कोट्यवधी लोकांची खाती उघडली गेली. खाते, आधार आणि भ्रमणध्वनी या तिन्हींची साखळी जुळली, तेव्हा मधले हात गळले.

ही साखळी खेड्यात कोणत्या रूपाने दिसते, तेही पाहावयास मिळाले. एका घराच्या पडवीत तिशीतील एक स्त्री छोटेसे यंत्र घेऊन बसली होती. ती बँकेची प्रतिनिधी. उत्तर प्रदेशात अशा स्त्रियांना 'बीसी सखी' म्हणतात. तिच्यासमोर चार-सहा बायका बसल्या होत्या. एकेक जण पुढे येई, यंत्रावर बोट ठेवी, आणि पैसे मोजून पदराच्या गाठीस बांधी. एका वृद्धेचे बोट काही केल्या यंत्राला ओळखू येईना. जन्मभर शेण थापून, भांडी घासून बोटावरच्या रेषाच झिजून गेलेल्या.

"चाची, दुसरे बोट लावा. ते नको, हे," सखी म्हणाली, आणि तिचे बोट आपल्या पदराने पुसून तिनेच यंत्रावर ठेवले. तिसऱ्या खेपेस यंत्राने कौल दिला. साऱ्या पडवीत हशा पिकला, चाचीही हसली. पण तिसऱ्या खेपेसही ते बोट उमटले नसते तर काय, हा प्रश्न आमच्या मनात राहून गेला.

याच पडवीत आम्हांला एक विधवा भेटली. तिची कहाणी ऐकण्यासारखी होती. जमिनीचा तुकडा नवऱ्याच्या नावावर. पैसेही त्याच्याच खात्यात येत. तो गेला आणि हप्ते थांबले. सातबाऱ्यास तिकडे खतौनी म्हणतात आणि वारसनोंदीस वरासत. वरासत होऊन खतौनीवर तिचे नाव चढेपर्यंत आणि नव्याने तिची नोंद होईपर्यंत कित्येक महिने गेले. "इतकी वर्षे त्या शेतात मीच निंदणी केली, बाबूजी, पण कागदावर मी कोठेच नव्हते," ती म्हणाली. अखेर पहिला हप्ता आला तो तिने खर्च केला नाही. दुसराही राखला. तिसरा आल्यावर गाभण शेळी घेतली. आता तिच्या दारात तीन शेळ्या आहेत. नातीच्या शाळेचा खर्च त्यांच्यावर निघतो. वर्षाच्या तीन हप्त्यांपैकी एकही तिने चुलीत घातला नाही. कारण मधल्या काळात ती दुसऱ्यांच्या शेतात रोजंदारीस जात होती. बचत करावयाची तर पोटाची सोय दुसरीकडून व्हावी लागते, हे सत्य तिला कोणी शिकविले नव्हते.

हप्त्याहप्त्याने मिळणारा पैसा आणि एकरकमी मिळणारा पैसा यांत हाच भेद आहे. पश्चिम केनियातील रारिएडा या भागात एका संस्थेने गरीब कुटुंबांना विनाअट रोख रकमा दिल्या. काहींना मासिक हप्त्यांनी, तर काहींना एकदम. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे आढळले की, मासिक हप्त्यांनी घरातील अन्नाची विवंचना मिटते, आणि एकरकमी पैशांतून छपराचे पत्रे वा अशाच टिकाऊ वस्तू येतात. आपल्या देशातही असा एक प्रयोग झाला, आणि तोही ज्या भागावर कधी अहिल्याबाईंचे राज्य होते त्या माळव्यात. २०११-१२ मध्ये सेवा या स्त्रियांच्या संघटनेने युनिसेफच्या साहाय्याने इंदूर जिल्ह्यातील आठ गावांत प्रत्येक प्रौढास दरमहा २०० रुपये आणि प्रत्येक मुलामागे १०० रुपये दिले. पुढे ही रक्कम ३०० आणि १५० करण्यात आली. जमीन असो वा नसो, गावातील प्रत्येकास पैसे मिळाले; मुलांचे पैसे आईच्या हाती दिले गेले. गरीब माणूस फुकटचा पैसा दारूत उडवील, अशी भीती पुष्कळांनी घातली होती. ती खरी ठरली नाही. लोकांनी बियाणे घेतले, खत घेतले, शेळ्या आणि कोंबड्या घेतल्या. कित्येकांनी दुसऱ्याच्या शेतावरील मजुरी कमी करून स्वतःच्या शेतात अधिक दिवस काम केले.

हे ऐकून कोणाचेही मन प्रसन्न होईल. आमचेही झाले होते. परंतु दुपार कलताना आम्ही ज्या वस्तीवर गेलो तेथे ही प्रसन्नता टिकली नाही.

गावकुसाबाहेर दहा-बारा झोपड्यांची ती वस्ती मुसहर लोकांची होती. रानातील पाने आणून पत्रावळी आणि द्रोण लावणे हा या लोकांचा परंपरागत व्यवसाय. काशीच्या पंक्ती ज्या पत्रावळींवर उठत आल्या, त्या या लोकांच्या हातच्या. आता कागदी पत्रावळींनी तो धंदा खाल्ला. उरली ती शेतमजुरी आणि वीटभट्टी. "तुम्हांला किसान निधी मिळतो का?" असे आम्ही एका तरुणास विचारले. त्याने शांतपणे उलट विचारले, "किसान होण्यास शेत लागते ना, बाबूजी?"

वस्तीच्या अलीकडे दुसरा एक माणूस भेटला होता. तो शेत कसतो. पण अधियाने, म्हणजे अर्धेलीने. नांगर त्याचा, घाम त्याचा; खतौनीवर नाव शहरात नोकरी करणाऱ्या मालकाचे. हप्ता कोणाला मिळतो हे सांगण्याची गरज नाही. योजनेचा नियमच तसा आहे. १ फेब्रुवारी २०१९ रोजी जमिनीच्या कागदावर ज्याचे नाव होते, त्यालाच ती लागू. त्यानंतर नाव चढले तर केवळ वारसाहक्काने. आरंभी दोन हेक्टरपर्यंतची मर्यादा होती. ती त्याच वर्षी काढून टाकण्यात आली. आयकर भरणारे, मोठे निवृत्तिवेतन घेणारे इत्यादींना वगळण्यात आले. परंतु कुळाने कसणारा आणि भूमिहीन मजूर यांना तीत स्थान नाही. २०११ च्या जनगणनेत स्वतः शेती करणारे ११ कोटी ८८ लक्ष आणि शेतमजूर १४ कोटी ४३ लक्ष भरले होते. म्हणजे जो रुपया जमिनीच्या कागदाचा माग काढीत जातो, तो ग्रामीण भारतातील सर्वांत गरीब घराच्या दारावरून पुढे निघून जातो.

येथेच सेवापुरीला येण्याचे कारण सांगितले पाहिजे. अन्नछत्रातील दोन पैसे घेणारा तो तरुण छत्तीस वर्षांनी या भागात पुन्हा आला. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूदानाचा आरंभ झाला होता, आणि एप्रिल १९५२ मध्ये सेवापुरीच्या आश्रमात सर्वोदय संमेलन भरले. दोन वर्षांत पंचवीस लक्ष एकर जमीन मिळवावयाची, असा संकल्प त्या संमेलनात झाला. भूमिहीनांना भूमी मिळाल्यावाचून त्यांच्या हातचे दुसरे काहीच टिकणार नाही, हा त्यामागचा विचार होता. पुढे भूदानात चाळीस लक्ष एकरांहून अधिक जमीन मिळाली. पण तीतील पुष्कळशी पडीक वा वादग्रस्त निघाली, आणि बरीचशी वाटली गेली नाही. संकल्प अपुरा राहिला. पण सेवापुरीत विचारलेला प्रश्न मात्र अपुरा नव्हता. तो आजही त्या मुसहर तरुणाच्या तोंडून ऐकू येतो.

ज्याला जमीन नाही त्याच्या हाती रोख पैसा देऊन त्याचा चरितार्थ उभा राहू शकेल का? गंगेच्या प्रवाहाबरोबर पूर्वेकडे गेले की याची दोन उत्तरे मिळतात. काशीहून चंदौलीमार्गे जाताना कर्मनाशा नदी लागते. तिच्या पाण्याच्या स्पर्शाने यात्रेचे पुण्य नाहीसे होते, असा जुना समज आहे. तिच्या पलीकडे बिहार. तेथील शासनाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी ७५ लक्ष स्त्रियांच्या खात्यांत प्रत्येकी १०,००० रुपये जमा केले. हेतू हा की, प्रत्येक घरातील एका स्त्रीने आपल्या पसंतीचा लहानसा व्यवसाय सुरू करावा. येथे जमिनीचा कागद आड येत नाही, ही मोठी गोष्ट. त्या पैशांचे किती ठिकाणी दुकान झाले, किती ठिकाणी शेळी झाली आणि किती ठिकाणी जुने कर्ज फिटले, हे काळच सांगेल.

गंगा आणखी पुढे बंगालमध्ये जाते. तेथे मुर्शिदाबाद जिल्ह्यात एका संस्थेने अत्यंत गरीब स्त्रियांना गाय, शेळ्या यांसारखे साधन दिले. ते फळास येईपर्यंत जगण्यासाठी आठवड्याला थोडी रोख रक्कम दिली. आणि दीडएक वर्ष कार्यकर्ते दर आठवड्यास घरी जाऊन शिकवीत, धीर देत राहिले. ज्या अभ्यासकांनी या कार्याचे मोजमाप केले, त्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो हे होते. २०१९ च्या अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात या दोघांचा वाटा आहे, आणि बॅनर्जी यांच्या मातोश्री माहेरच्या पाटणकर, म्हणून मराठी वाचकांस त्यांच्याविषयी विशेष आपुलकी वाटावी. दहा वर्षांनंतर पुन्हा पाहणी केली, तेव्हाही त्या कुटुंबांचे उत्पन्न आणि खाणेपिणे इतरांहून चांगले असल्याचे आढळले. ज्यांना आपण आळशी, नशिबाला बोल लावणारे म्हणतो, त्यांना हवे होते ते काम करण्यास एक साधन, ते हाती येईतो पोटास आधार, आणि पाठीवर एक हात.

संध्याकाळी परत निघालो तेव्हा दूध गोळा करणारी गाडी वाटेत भेटली. फेब्रुवारी २०२४ मध्ये पिंडऱ्याकडील करखियांव येथे मोठा दुग्धसंकुल सुरू झाल्यापासून या भागात दुधाला बारमाही गिऱ्हाईक मिळाले आहे. कॅन घेऊन उभ्या असलेल्या बायका मापाच्या चिठ्ठ्या जपून कमरेला खोचीत होत्या. त्यांत जमीनवाली कोण आणि भूमिहीन कोण, हे ओळखू येत नव्हते. दूध मोजणाऱ्यालाही त्याची गरज नव्हती. म्हशीला खतौनी लागत नाही. त्या दिवशी पाहिलेल्या साऱ्या गोष्टींत हे दृश्य आम्हांला सर्वांत आशादायक वाटले. दोन हजारांचा हप्ता असो वा दहा हजारांची रक्कम, तिला शेवटी अशा एखाद्या मापाशी, अशा एखाद्या बाजाराशी नेऊन जोडणारी वाट लागते. ती असली तर पैसा पेरला जातो. नसली तर तो केवळ सांडतो.

रात्री दशाश्वमेधावर आरती चालली होती. दिव्यांची रांग पाण्यात थरथरत होती. आम्ही गर्दीतून अन्नपूर्णेच्या गल्लीकडे गेलो. पंक्ती उठून गेल्या होत्या, आणि कोपऱ्यात एक मुलगा उष्ट्या पत्रावळी गोळा करीत होता. पानांच्याच होत्या त्या. कोणाच्या हातच्या, हे आता आम्हांला माहीत होते.